रिळाची दुसरी कड

१

“हा आवाज माह्या बहिणीचा नाही.”

प्रोजेक्टरच्या खरखरीवरून बेबीताई बोलल्या.

समोरच्या भिंतीवर पंचशीला गात होती. जयंतीची मिरवणूक, बैलगाडीवर बांधलेला मंडप, पांढऱ्या साडीतली तरणी बाई हातात माईक धरून उभी, बाजूला ढोलकीवाला आणि पायाशी हार्मोनियम घेऊन बसलेले गुलाबराव. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते! आठ मिलिमीटरची ही रीळ नांदुऱ्याच्या शालिग्रामकाकांनी याच आपल्या घराच्या ओट्यावरून काढलेली. गाणंही त्याच कॅमेऱ्यात भरलेलं. पुढं वर्ष उलटायच्या आत पंचशीला तापानं गेली. तिची पोर महामाया तेव्हा पाळण्यात होती.

तीच महामाया आज बेबीमावशीच्या शेजारी बसली होती, चाळिशी ओलांडलेली, डोळ्यांवर चष्मा. आईचा एक फोटो तिच्याकडे होता, पण आईचा आवाज म्हणून जगात एवढं एक गाणं. शाळेत असल्यापासून ती ते ऐकायला या घरी यायची. रविवारी हीच रीळ विहारात साऱ्या वस्तीला दाखवायची ठरली होती. आज नुसती तालीम. शालिग्रामकाका वारले, पण त्यांचा मुलगा हर्षल फोटो स्टुडिओ चालवतो, तो मशीनपाशी होता. काकांची बायको पुष्पाबाई चहा देत होती. गुलाबराव स्वतःला तरुणपणी बघायला मुद्दाम आले होते. आणि बेबीताईंना तर महामायानं उंद्रीहून जवळजवळ ओढून आणलं होतं. मेलेली बहीण भिंतीवर पाहवत नाही म्हणून त्या आजवर कधी आल्याच नव्हत्या.

“मावशी, एवढ्या वर्षांनी ऐकून राह्यल्या तुम्ही. विसरल्या असान,” हर्षल म्हणाला.

“विसरली? बाप्पा! ज्वारी राखाले आम्ही दोघी एकाच मचाणावर बसत होतो. पाखरं हाकलू हाकलू तिचा गळा घोगरा झालता. गाणं म्हणाली का गोट्यावरून बैलाची बंडी गेल्यावानी वाटे, पण ऐकणारा जागचा हालत नव्हता. अन् हा आवाज? तुपात तळलेला! तोंड पंचशीलाचं आहे. आवाज नाही.”

गुलाबराव हसले, जरा जास्तच मोठ्यानं. पुष्पाबाईंनी चहा अर्धा असतानाच कप उचलायला सुरुवात केली. हर्षलनं स्पीकरकडं पाहिलं. महामायानं तिघांकडंही पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

२

महामाया विमा कंपनीची सर्वेअर. जळालेली गंजी, उलटलेला ट्रॅक्टर, चोरीला गेलेली म्हणून सांगितलेली आणि मेहुण्याच्या गोठ्यात सापडलेली मोटार, असले दावे तपासत ती जिल्हाभर स्कूटीवर हिंडायची. खोटं बोलणाऱ्यांची तिला इतकी सवय झाली होती, की खरं बोलणारा भेटला तर ती त्यालाच दोनदा विचारी. पण आजचा दावा तिच्या स्वतःच्या आईचा होता. जिला ती आयुष्यभर आई म्हणून ऐकत आली, ती कोण होती?

“हर्षल, खरं सांग. कम्प्युटरवर टाकून आवाज गोड केला काय तू?”

“आईशपथ नाही, ताई! कम्प्युटरवर मी रीळ चढवली, पण आत्ता लागलं ते थेट रिळावरून.” त्यानं फिल्म उजेडात धरली. तिच्या कडेनं तपकिरी पट्टी गेली होती. “कॅसेटची टेप असते ना, तेच हे. याच्यावरचा आवाज पुसून नवीन भरता येते. बाबांचा नाद तोच होता.”

त्याच्यावर संशय घ्यायला जागाही नव्हती. हाच तुपातला आवाज महामाया शाळकरी वयापासून ऐकत होती आणि हर्षल तेव्हा रांगतही नव्हता.

“लाव परत.”

पुन्हा मिरवणूक. गाण्याच्या मध्यावर चित्र एकदम दचकलं. पंचशीलाचा हात छातीपाशी होता, तो एकाएकी आभाळात.

“हा सांधा कशाचा?”

दारातून पुष्पाबाई म्हणाल्या, “तुहाच पराक्रम तो! पहिल्या खेपेले रीळ दाखवली तवा तू एवढीशी होती. आईले हात लावाले धावली अन् वायरीत पाय अडकला. मशीन खाली, फिल्मचा तुकडा तुकडा! यायनं, तुह्या काकानं, तेवढं खराब कापून टाकलं अन् जोडलं.”

महामायाला त्या दिवसाचं पडणं आठवत होतं, रडणं आठवत होतं, बाकी काही नाही. पुढं गाणं चालूच होतं आणि एकदम तिचे कान टवकारले.

“हर्षल, अजून एकदा. या वेळी डोळे मिटून ऐक.”

त्यानं ऐकलं. “काय झालं? गाणं तं सरळ आहे.”

“तेच म्हणते मी! चित्र उडी मारते अन् गाणं काऊन मारत नाही? फिल्मचा तुकडा कापला तं त्याच्या कडेचा आवाजही गेला पाह्यजे ना?”

हर्षलचा आ वासला. “अरे हो! मशीनमध्ये आवाज वाचणारं डोकं चित्राच्या जरा खाली राह्यते. म्हणजे पहिले चित्र उडी मारीन, अन् लगेच मागून गाणं. इथं तं शब्दही तुटत नाही! ताई, हा आवाज सांधा मारल्यावर भरला!”

म्हणजे त्या पहिल्या दिवशी, फिल्म तुटायच्या आधी, या भिंतीवर दुसराच आवाज गात होता. आणि तो तिनं ऐकला होता.

तिनं मागं वळून पाहिलं. गुलाबराव चप्पल घालून केव्हाच पसार झाले होते.

३

गुलाबरावांचं घर स्टेशनच्या मागं. महामायानं बेबीमावशीला तिथंच बसवलं आणि स्कूटी काढली. गुलाबराव अंगणात बाजेवर बसले होते आणि तिला पाहून उगाच खोकायला लागले.

घाबरलेल्या माणसाला आधी त्याच्या आवडीचं विचारायचं, हा तिचा धंद्यातला नेम. “मामा, कार्टूनमधला तुमचा तो बोका कसा बोलत होता हो? मी लहानपणी पोट धरधरून हसली आहे.”

बस! गुलाबरावांची कळी खुलली. शालिग्रामकाका मुंबईहून इंग्रजी कार्टूनच्या रिळा विकत आणायचे आणि त्यांना वऱ्हाडी आवाज भरायचे. आवाज भरायचं ठरलं की खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद, रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याला आधीच निरोप की आज घंटी वाजवू नको. घामानं सगळे निथळत. बोका, बैल आणि पोलीस गुलाबराव. उंदरीण, मांजर, राणी, सगळ्या बायका पुष्पावहिनी.

“‘काऊन बे बोक्या, उपाशी मरून राह्यला काय?’ असं म्हणत वैनी, अन् उंदरिणीचं तोंडही तेवढंच हाले! एक अक्षर मागंपुढं नाही.”

“पण ओठ धरत कसे होते तुम्ही? पाहून?”

“नुसतं पाहून कोठं जमते व माय! कान भरला पाह्यजे. रिळाले दोन्ही कडांनं पट्ट्या राह्यतात, एक रुंद अन् एक बारीक. शालिग्रामभाऊ पहिले मूळचा आवाज बारीक पट्टीवर उतरवून घेत. तो आमच्या कानात हेडफोनातून वाजे, अन् आम्ही बोललो ते रुंद पट्टीवर जाये. कानात येईन तसंच तोंडातून काढायचं, श्वासासुद्धा.”

“तर मग माह्या आईचं गाणं पुष्पाकाकूनं म्हटलं ना, मामा?”

गुलाबरावांनी मान खाली घातली.

“हाव,” ते म्हणाले. “चूक झाली पोरी. फिल्म जोडल्यावर ती रीळ कार्टूनच्या डब्यात गेली. आम्ही बोक्याचा आवाज भराले बसलो अन् तुह्या मायचं गाणं पुसलं गेलं. शालिग्रामभाऊ डोकं धरून बसले. मंग वैनीनं गायलं, म्या पेटी वाजवली. तुले कोण सांगणार होतं? तू तं एवढीशी.”

गेला. आईचा आवाज एका बोक्याच्या म्याँवखाली गेला. तिनं मामांना हात जोडले, त्यांचेही डोळे भरले होते. ती स्कूटीवर बसली, किल्ली फिरवली आणि तशीच थांबली.

गाणं आधीच पुसलं गेलं होतं, तर मग पुष्पाकाकूच्या कानात काय वाजत होतं?

४

ती परतली ती वाऱ्यासारखी. बेबीताई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि हर्षल रिळाचा डबा पुन्हा पुन्हा उघडझाप करत होता.

“हर्षल, आवाज बंद कर अन् चित्र लाव.”

आवाजाशिवाय महामायानं ही रीळ कधी पाहिलीच नव्हती. गाणं चालू असलं की ती फक्त आईचा चेहरा बघायची. आता सगळं दिसायला लागलं. गाडी ओट्यासमोर आली. सांधा गेला. आणि त्यानंतर थोड्याच वेळानं पंचशीलानं मान वळवली आणि सरळ कॅमेऱ्याकडं पाहिलं. तिचे ओठ भराभर हलले. गाताना हलतात तसे नाही, बोलताना हलतात तसे. मग ती हसली.

“मावशी, पाहून राह्यल्या?”

“बोलून राह्यली ती कोणाशी तरी,” बेबीताई पुढं सरकल्या. “अशी मान करून भांडे ती. माय माय! भांडून राह्यली व!”

“अन् मामाचे हात पाहा.”

हार्मोनियमवरचे गुलाबरावांचे दोन्ही हात हवेत होते. तोंड उघडं. ढोलकीवालाही थांबलेला.

“आता आवाज दे. हीच जागा.”

हर्षलनं आवाज दिला. पंचशीलाचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होती फक्त पेटी, मजेत वाजणारी, भरघोस पेटी. पेटीवाल्याचे हात हवेत आणि पेटी वाजते आहे!

“चुकून पुसलं असतं तं जसं होतं तसं परत भरलं असतं,” महामाया म्हणाली. तिचा आवाज चढला होता, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. “इथं आईचं बोलणं झाकाले पेटी घातली आहे. चूक नाही ही. मुद्दाम केलेलं काम आहे. अन् काकूनं श्वासासकट ओठ धरले म्हणजे आईचं गाणं तिच्या कानात वाजत होतं. हर्षल, दुसरी कड! त्या बारीक पट्टीवर काय आहे?”

“म्या कधी लावलीच नाही. त्याचं बटन कुठं आहे?” त्यानं प्रोजेक्टर वळवला. एक-दोन असे आकडे कोरलेले होते, पण त्यांच्यामध्ये नुसती लोखंडी काडी. फिरवायचं बटणच गायब. “मले कळते तवापासून हे असंच आहे, ताई. तुटलं असन. थांबा, पकड आणतो.”

“पकड लावू नको,” दारातून आवाज आला. “मोडीन ते.”

पुष्पाबाईंच्या हातात शिवणकामाचा डबा होता. त्यांनी रंगीबेरंगी गुंड्यांमध्ये बोटं घातली आणि तळातून एक काळं गोल बटण काढलं.

५

“तुटलं नव्हतं. यायनंच काढलं होतं,” त्या म्हणाल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या. “माह्याजवळ देऊन म्हणाले, फेकून दे. मले फेकवलं नाही.”

“काकू, काय होतं आवाजात?”

“तुह्या मायचं गाणं होतं. अन् माह्या सासऱ्याचं बोलणं होतं.” पुष्पाबाईंनी हर्षलकडं पाहिलं. “तुहे आजोबा, कारभारी पाटील. हे ओट्यावरून फिल्म काढत होते अन् मामंजी बाजूलेच खुर्चीवर बसले होते. गाडी दारापुढं आली अन् ते बोलले. काय बोलले ते सारं कॅमेऱ्यात भरलं. यायले शरम वाटली, पण मायचा आवाज आहे म्हणून रीळ तुले दाखवलीच. फिल्म तुटली, तू पडली, मी तुले मांडीवर घेतलं. यायनं फिल्म जोडून पुढं लावली, तवा तू ते ऐकलं. अन् रडता रडता तू यायले विचारलं, ‘काका, ते बाबा माह्या आईवर काऊन ओरडले?’”

“त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, पोरीच्या पदरात मायचं एक गाणं आहे अन् त्यातही आमच्या घरची घाण. हे तिनं जलमभर ऐकायचं? मंग खिडकीले गोधड्या लावल्या. मी गायली, गुलाबभाऊनं पेटी वाजवली. बारीक पट्टी मात्र यायनं पुसली नाही. हात धजला नाही. खोटं कायले बोलू, सासऱ्याची अब्रूही होतीच मनात. पण पहिले तू होती.”

महामायाला राग आला. खरा, कानशिलं तापवणारा राग. या बाईनं तिला मांडीवर घेतलं होतं, दर खेपेला गूळपोळी खाऊ घातली होती आणि दर खेपेला भिंतीवर तिच्या आईच्या तोंडात स्वतःचा आवाज घातला होता. तिनं शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.

“काकू, मले वाईट वाटीन म्हणून तुम्ही माही मायच मुकी केली व! ती काय बोलली हे ऐकाचा हक्क कोणाचा होता?”

“तुहा,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि बटण तिच्या तळहातावर ठेवलं. “तुहाच होता.”

हर्षलचा चेहरा पांढरा पडला होता. आजोबांच्या नावाचा दगड अजून गावातल्या पाणपोईवर आहे. पण तो उठला आणि त्यानं रीळ मागं गुंडाळायला घेतली.

६

बटण काडीवर अगदी घट्ट बसलं. महामायानं ते एकवरून दोनवर फिरवलं.

आधी नुसती खसखस. मग लांबून ढोलकी. आणि मग आवाज आला. जाडा, घोगरा, रस्त्याच्या खडीवरून चाललेला, न थकणारा आवाज.

“उजेडाच्या वाटेनं चाल माह्या लेकी…”

“हे पाह्य!” बेबीताई टाळी देत उभ्याच राहिल्या. “हे पाह्य माही बहीण! आली व, आली!”

सांधा आला. चित्रानं उडी मारली आणि लगेच मागून गाण्यानंही, एक शब्द गिळून. हर्षलनं महामायाकडं पाहून मान हलवली. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक म्हातारा, खरखरीत, हुकमी आवाज आला.

“ए! बंद करा रे ते! माह्या दारापुढं हिची कटकट कायले? सांगा तिले, आपल्या वस्तीत जाऊन गाय म्हणा!”

पुष्पाबाईंनी पदर तोंडावर घेतला. भिंतीवर ढोलकी थांबली, गुलाबरावांचे हात हवेत गेले. पंचशीलानं मान वळवली. तिचे ओठ हलले आणि या वेळी गाडीवरच्या भोंग्यातून तिचेच शब्द आले, मिरवणुकीतल्या प्रत्येकाला ऐकू जातील एवढे मोठे.

“पाटीलबाबा, रस्ता सरकारचा आहे, अन् माही महामाया तिकडं वस्तीत पाळण्यात आहे. मी आवाज खाली केला तं तिले कसा ऐकू येईन? तुम्ही दार लावून घ्या!”

मिरवणूक खदखदून हसली. तीही हसली, खोल, गळ्यातून. मग तिनं माईक तोंडाशी आणखी जवळ घेतला आणि तीच ओळ उचलली, आधीपेक्षा दुप्पट जोरात. स्पीकर फाटेल की काय असं वाटत होतं. रीळ संपली, तिचं शेपूट मशीनमध्ये फटफट वाजत राहिलं आणि कोणाच्याच ते बंद करायचं ध्यानात आलं नाही.

झाकलं ते शिवी म्हणून. आणि शिवीच्या मागोमाग तिचं नाव होतं. आईच्या तोंडून आलेलं तिचं नाव इतकी वर्षं याच रिळाच्या दुसऱ्या कडेवर, याच कपाटात पडून होतं. महामायाला हसूही येत होतं आणि डोळेही थांबत नव्हते.

“ताई,” हर्षलनं घसा साफ केला. “रविवारी विहारात कोणता आवाज लावू?”

महामायानं त्याच्या आजोबांचा विचार केला, त्याचाही केला. “तुह्या घरचं नाव जाईन त्यात, हर्षल. तू सांग.”

तो उत्तर द्यायच्या आत पुष्पाबाई बोलल्या. “दोन नंबर. सगळा, जसा आहे तसा. अन् मी पुढंच बसणार. यायचा माफीनामा राह्यला आहे, तो मी उभी राहून सांगीन. गुलाबभाऊलेही घेऊन ये, पळून जाईन तो.”

“येईन कसा नाही,” बेबीताई म्हणाल्या. “मी धरून आणतो त्याले.”

हर्षलनं रीळ परत मागं घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी उठलंही नव्हतं. पुन्हा ढोलकी, पुन्हा तो घोगरा गळा, पुन्हा म्हाताऱ्याचं ओरडणं. पंचशीलानं मान वळवली. महामाया उठली आणि भिंतीजवळ गेली. या वेळी तिनं वायर ओलांडली, नीट बघून.

“…मी आवाज खाली केला तं तिले कसा ऐकू येईन?”

“ऐकू आला, आई,” महामाया भिंतीला म्हणाली. “हाव, ऐकू आला.”